जिथे स्कोअररला विचारतात

आयुष्यभर क्रिकेटचं स्कोअरिंग केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तुमचं मत कुणी विचारत नाही. अंपायरने बोट वर केलं की आउट, गुडघा उचलून त्यावर हात लावला की लेग बाय. आपण हात उंचावून पोच द्यायची आणि वहीत लिहायचं. झेल टप्पा पडून आला होता हे मांडवातून तुम्हाला स्वच्छ दिसलं असेल, तरी त्या दिसण्याला किंमत शून्य. नियमच तसा आहे आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. पण बेसबॉलमध्ये स्कोअरर स्वतः निर्णय देतो, आणि त्या निर्णयावर खेळाडूची रोजीरोटी हलते, हे वाचल्यापासून एकदा तरी मैदानात बसून तो प्रकार बघायची इच्छा होती.

मुलगी आणि जावई नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतात. जावयांचा बेत मला मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पायरीचा, सामना दाखवायचा होता. त्यासाठी वॉशिंग्टन नाहीतर अटलांटा गाठायचं, म्हणजे दिवसभराचं ड्रायव्हिंग आणि वर हॉटेल. मी म्हटलं, "त्यापेक्षा जवळच्या ड्युरॅमला जाऊ या. मला मोठी माणसं नाही बघायची, अडकलेली माणसं बघायचीत." जावयांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "बाबांना मायनर लीग म्हणायचंय."

हो, तेच म्हणायचं होतं, मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या. ड्युरॅम बुल्स हा टँपा बे रेजच्या हाताखालचा संघ. अमेरिकेत मेजर लीगचे ३० संघ, आणि २०२१ साली घडी नव्याने बसवली तेव्हापासून प्रत्येकाच्या खाली चार संघ, म्हणजे एकूण १२०. त्याआधी १६० होते. चाळीस गावांचा मोठ्या क्लबांशी असलेला संबंध एका फटक्यात तुटला. या चार पायऱ्यांतली सगळ्यात वरची ट्रिपल-ए, आणि ड्युरॅम १९९८ पासून तिथे आहे. मैदान सांभाळणं, तिकिटं विकणं, हॉट डॉग खपवणं हे ड्युरॅमकरांचं काम. खेळाडू आणि कोच टँपाचे, त्यांचे पगारही टँपाचे. आज कोण खेळणार आणि कोणाला वर पाठवायचं हे तिकडून ठरतं. ऐन रंगात आलेला पिचर, म्हणजे आपला बोलर, उद्या सकाळच्या विमानाने निघून गेला तर ड्युरॅमच्या मॅनेजरने त्याचं अभिनंदन करायचं आणि खालून आलेल्या नव्या पोराचं नाव यादीत लिहायचं.

म्हणजे संघ जिंकला की हरला याला इथे फारसं वजन नाही. वजन आहे ते प्रत्येकाच्या नावापुढच्या आकड्यांना. २०२३ साली मायनर लीगच्या खेळाडूंनी युनियनमार्फत पहिला करार केला, त्यात ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर गेला. मेजर लीगमध्ये २०२५ चा किमान पगार ७,६०,००० डॉलर. मधे एकच पायरी आहे आणि पगार एकवीसपट. आणि ते आकडे लिहिणारा माणूस प्रेस बॉक्समध्ये बसलेला.

स्टेडियमबद्दल थोडं सांगतो, कारण ते मला आवडलं. १९९५ साली बांधलंय, दहा हजार माणसं बसतील एवढं. शेजारीच अमेरिकन टोबॅकोच्या जुन्या कारखान्याच्या लाल विटांच्या इमारती आहेत. सिगारेटी बनायच्या तिथे आता ऑफिसं आणि हॉटेलं आहेत, पण धुराडं आणि पाण्याची टाकी तशीच ठेवलीय, वर लकी स्ट्राइकचं नाव. डाव्या कोपऱ्यातलं कुंपण होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, फक्त ३०५ फुटांवर येतं, म्हणून तिथे ३२ फूट उंच निळी भिंत उभी केलीय. बॉस्टनच्या फेनवे पार्कच्या हिरव्या भिंतीची ही धाकटी बहीण. या भिंतीत हाताने आकडे बदलायचा जुन्या पद्धतीचा धावफलक आहे. दुसरीकडे मोठ्ठा व्हिडिओ स्क्रीन असताना हा कशाला ठेवलाय असं कुणी विचारेल. मी विचारणार नाही. पत्र्याच्या आकड्यांत माझी उमेद गेलीय.

भिंतीच्या वर लाकडी बैल. १९८८ मध्ये आलेल्या एका सिनेमासाठी जुन्या मैदानावर असा बैल पहिल्यांदा उभा केला, तो लोकांना इतका आवडला की संघाची खूणच होऊन बसला. पाटीवर लिहिलंय की बॉल बैलाला लागला तर स्टेक जेवण, आणि त्याच्या पायाखालच्या गवताला लागला तर सॅलड. बुल्सच्या खेळाडूने होमरन मारली, म्हणजे बॉल थेट कुंपणापार घालवला, की बैलाचे डोळे लाल पेटतात, शेपूट हलतं आणि नाकातून धूर येतो. माझी नात सगळा वेळ त्या बैलाकडे तोंड करून बसली होती. मैदानावर काय चाललंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

आमच्या समोर जॅक्सनव्हिलचा संघ होता, मायामी मार्लिन्सच्या हाताखालचा. त्यांचं नाव जंबो श्रिंप. बैल विरुद्ध कोळंबी.

मी घरून बेसबॉलचा कोरा स्कोअरकार्ड छापून नेला होता. प्रत्येक बॅटरच्या प्रत्येक पाळीला एक चौकोन आणि त्यात एक हिरा. पळणारा जसजसा बेस (धावेच्या वाटेवरचे टप्पे) गाठेल तसतशी हिऱ्याची एकेक बाजू गडद करायची. धाव पूर्ण झाली की पूर्ण हिरा भरायचा. नावं लिहायची गरज नाही, क्षेत्ररक्षकांना आकडे आहेत. पिचर १, कॅचर (आपला विकेटकीपर) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्डचे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने बॉल उचलून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून तो पहिल्यावर गेला, दोघं आउट, की लिहायचं ६-४-३. तीन आकड्यांत सगळी धावपळ डोळ्यांपुढे उभी राहते. आपल्याकडे 'झे. अमुक गो. तमुक' लिहितो, पण झेल पॉइंटला घेतला की डीप मिडविकेटला हे स्कोअरबुक सांगत नाही.

ही पद्धत बसवली हेन्री चॅडविक नावाच्या माणसाने. जन्म १८२४ चा, इंग्लंडात एक्सेटरचा, लहानपणी ब्रुकलिनला आला आणि न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहायला लागला. पुढे बेसबॉलच्या नादी लागला आणि क्रिकेटच्या धावफलकावरून त्याने बेसबॉलचा बॉक्स स्कोअर तयार केला. बॅटर तीन स्ट्राइकवर आउट झाला (स्ट्राइकआउट) की के लिहायचं हीसुद्धा त्याचीच रीत. तेव्हा मी काही परक्या गावात आलो नव्हतो, भाऊबंदांतच आलो होतो.

आमच्या रांगेत, दोन खुर्च्या सोडून, पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर जाड पुठ्ठ्याची वही, कानावर पेन्सिल. माझ्या हातातला कागद पाहून त्यांनी विचारलं, बॉल आणि स्ट्राइकही (न मारलेली पिच चौकटीबाहेर की चौकटीत) लिहिता का? मी म्हटलं, लिहितो. झालं, पुढचा सामना आम्ही शेजारी बसून काढला. जावई दोन खुर्च्या पलीकडे सरकले. बाई दर आठवड्याला येतात. मायनर लीगमध्ये पाहुणा संघ एकदा आला की मंगळवार ते रविवार सहा सामने खेळूनच जातो, सोमवारी सुट्टी. त्यामुळे रविवारपर्यंत समोरच्या संघाचे हातपायही ओळखीचे होतात, असं त्यांचं म्हणणं.

खेळाचा वेग मला झेपला. बेसबॉल रेंगाळतो अशी तक्रार फार जुनी, पण पिच क्लॉक आल्यापासून ते उरलेलं नाही. पिचरसमोर सेकंद उलटे पळत असतात आणि वेळेत बॉल टाकला नाही तर त्याच्या नावावर चौकटीबाहेरच्या पिचसारखा एक 'बॉल' लागतो. हे नियम आधी मायनर लीगमध्ये चालवून बघतात आणि पचले की वर नेतात. त्या दिवशी मशीनचं अपीलही पाहिलं. स्ट्राइक दिलेल्या बॅटरने हेल्मेटवर दोनदा टपली मारली, लगेच मोठ्या स्क्रीनवर बॉलचा मार्ग आला आणि बॉल चौकटीच्या बाहेर बोटभर निघाला. प्लेटमागच्या अंपायरने निर्णय फिरवला, खेळ सुरू. बॅटर, पिचर आणि कॅचर यांच्याशिवाय कुणालाही हे मागता येत नाही, डगआउटकडे बघून खाणाखुणा चालत नाहीत. तिसऱ्या अंपायरने अल्ट्राएज लावून पाच मिनिटं गवत वाढवायची, तो प्रकार नाही. मेजर लीगमध्ये हेच २०२६ पासून.

आता सहाव्या इनिंगवर येतो, कारण एवढं सगळं लिहायला बसलो ते तिच्यासाठीच.

बुल्सची बॅटिंग, दोन आउट, बेस रिकामे. बॅटर होता त्यांचा कॅचर, अंगाने जाडजूड, पळण्यात बेताचा. त्याने जमिनीलगत बॉल मारला, शॉर्टस्टॉपच्या उजव्या हाताला. शॉर्टस्टॉप तिथे पोचला, बॉल नीट ग्लोव्हमध्ये आला. मग त्याने पाय रोवले. हे मी नीट पाहिलं, कारण माझी नजर सवयीने त्याच्या पायांवरच होती. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि मग थ्रो. थ्रो पहिल्या बेसच्या आतल्या बाजूला गेला, तिथला खेळाडू तो घ्यायला बेसवरून खेचला गेला, आणि कॅचरसाहेब धापा टाकत पोचले.

हे काय लिहायचं? इथे अंपायर फक्त सेफ म्हणून हात पसरतो, त्याचं काम संपलं. बॅटरने हिट कमावला की क्षेत्ररक्षकाने चूक केली, हे स्कोअररने ठरवायचं. नियमपुस्तकातली कसोटी अशी, की सर्वसाधारण प्रयत्नात तो बॅटर आउट व्हायला हवा होता का? हो असेल तर एरर.

मी लिहिलं ई-६. शेजारच्या बाईंनी त्याच क्षणी हिटची रेघ ओढली.

"तो बराच खोल गेला होता," बाई म्हणाल्या.

"पण त्याला वेळ होता," मी म्हटलं. "आणि पळणारा कोण होता?"

धावफलकावर ई पेटलं. मी काही बोललो नाही, फक्त पेन्सिलीला टोक केलं.

पुढच्याच बॅटरने दुसऱ्या पिचवर बॉल निळ्या भिंतीवरून पार घालवला. बैलाचे डोळे पेटले, धूर निघाला, शेपूट हललं. नात खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती आणि अख्खं स्टेडियम तिच्या साथीला. दोन धावा. मी मात्र पिचरकडे बघत होतो. मॅनेजर बाहेर आला, त्याने हात पुढे केला, पिचरने बॉल त्याच्या तळव्यावर ठेवला आणि ग्लोव्हने तोंड झाकून काहीतरी पुटपुटत डगआउटकडे निघाला.

या पिचरच्या खात्यात किती धावा गेल्या? स्कोअररने एरर दिली असेल तर शून्य. कारण तो ग्राउंडर धरून आउट केला असता तर तिसरा आउट झाला असता आणि इनिंग तिथेच संपली असती. होमरन मारणारा प्लेटवर आलाच नसता. म्हणून त्यानंतरच्या सगळ्या धावा अनअर्न्ड, पिचरच्या खात्यात न धरलेल्या. पिचरची सरासरी नऊ इनिंगांमागे किती अर्न्ड धावा दिल्या यावर काढतात, तिला धक्का नाही. तेच स्कोअररने हिट दिली, तर दोन्ही धावा त्याच्या माथी. टँपा किंवा मायामीच्या ऑफिसात बसलेला माणूस उद्या हा आकडा बघणार.

मला हे फार न्याय्य वाटतं, आणि क्रिकेटमध्ये हे का नाही याचं मला तेव्हापासून वैषम्य वाटतंय. स्लिपमध्ये शून्यावर झेल सुटतो आणि बॅट्समन पुढे शतक ठोकतो. बोलरच्या नावापुढे काय? सगळ्या धावा. सुटलेल्या झेलाला आपल्या स्कोअरबुकात रकानाच नाही. मी माझ्या वह्यांत समासात बारीक अक्षरात लिहून ठेवायचो, 'झेल सुटला, गली', पण ते फक्त माझ्यासाठी. संघनिवड करणाऱ्यांनी ते समास कधी वाचले असतील असं वाटत नाही. कितीतरी मध्यमगती बोलर दुसऱ्यांच्या हातांमुळे घरी बसले.

अर्थात एवढा अधिकार दिला की जबाबदारी आणि शिव्या दोन्ही आल्या. इथल्या स्कोअररला सामना संपल्यावर २४ तासांपर्यंत आपला निर्णय बदलायची मुभा आहे, तो रिप्ले बघू शकतो, आणि संघांना पटलं नाही तर लीगकडे दाद मागता येते. खेळाडूंचे आपापले हिशेब असतातच. तो शॉर्टस्टॉप म्हणेल हिट द्या, कॅचर म्हणेल हिट द्या, पिचर एकटा म्हणेल एरर द्या. तिघांपैकी दोघं त्याच्याच विरुद्ध, आणि त्यातला एक त्याच्याच संघातला.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उठून उभे राहिले आणि गायले. दोन इनिंगांच्या मधे सतत काहीतरी चालू असतं. पोरांच्या शर्यती, टी-शर्ट उडवणं, वूल ई. बुल नावाचा, बैलाच्या सोंगातला माणूस लोकांत धुडगूस घालत फिरतो. अर्ध्या लोकांची मैदानाकडे पाठ. आधी मी वैतागलो, पुढे नाही. बुधवारची संध्याकाळ, दुय्यम दर्जाचा सामना, निकालाला किंमत नाही, आणि तरी हजारो माणसं पैसे देऊन आलेली. रणजीचे सामने मी अशा गॅलऱ्यांत पाहिलेत की बॅट्समनने बोलरला काय म्हटलं ते सर्वात मागच्या पायरीवर ऐकू यायचं. रणजीचा दर्जा कमी होता म्हणून माणसं आली नाहीत असं अजिबात नाही. यावं असं तिथे कुणी काही ठेवलंच नव्हतं. सावलीसुद्धा नाही.

आणि बाय द वे, मोठ्या आणि छोट्यातलं अंतर इकडे वाऱ्यावरही असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळाने टँपा बेच्या मुख्य स्टेडियमचं छप्पर फाडून नेलं, आणि २०२५ चा सगळा हंगाम मेजर लीगच्या या संघाने साधारण अकरा हजार खुर्च्यांच्या, एरवी मायनर लीगचं घर असलेल्या मैदानात काढला. ड्युरॅमहून बढती मिळालेल्या पोराला वर गेल्यावरही तेवढीच गर्दी दिसली असणार.

परतताना गाडीत जावयांनी विचारलं, आपल्याकडचा कुणी इथवर पोचलाय का? मी सांगितलं, रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातली दोन भालाफेक करणारी पोरं. २००८ साली भारतात वेगाने बॉल फेकण्याच्या एका स्पर्धेतून निवडली गेली आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. २००९ मध्ये दोघं तळातल्या लीगमध्ये खेळली. ट्रिपल-एपर्यंत दोघांतलं कुणी आलं नाही. रिंकू पुढे कुस्तीच्या तमाशात गेला. भाला फेकणारा खांदा पिचिंगला चालतो हे ज्याने ओळखलं त्याचं मला कौतुक आहे, पण विशीच्या उंबरठ्यावर नवा खेळ शिकायला बसणं सोपं नाही. इकडची पोरं पाचव्या वर्षी ग्लोव्ह घालतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेताना मी लीगच्या साइटवर बॉक्स स्कोअर उघडला, माझ्या कागदाशी ताळा करायला. सहावी इनिंग वगळता सगळं जुळलं. सहाव्यात जॅक्सनव्हिलच्या रकान्यातली एरर गायब झाली होती, बुल्सची एक हिट वाढली होती, आणि पिचरच्या नावापुढे दोन अर्न्ड धावा बसल्या होत्या. रात्रीतून निर्णय फिरला. त्या बाईंनी वही उघडून समाधानाने चहा घेतला असेल, किंवा त्यांच्याकडे कॉफी.

मी रिप्ले शोधून काढला आणि पाच-सहा वेळा पाहिला. जावयांनाही दाखवला. शॉर्टस्टॉप खोल गेला होता हे मान्य. पण बॉल ग्लोव्हमध्ये आल्यानंतर तो दोन पावलं टाकतो, त्याचा डावा पाय पहिल्या बेसकडे वळलेला आहे, आणि थ्रो सुटतो तेव्हा कॅचरला अजून दहा फूट जायचंय. दहा फूट! तो जाडा कॅचर. हा सर्वसाधारण प्रयत्न नाही तर कशाला म्हणायचं?

जावई म्हणाले, "बाबा, ऑफिशियल स्कोअररने बदललंय ना, मग तुम्हीही बदला."

माझ्या कागदावर ई-६ आहे आणि ते तसंच राहील.